काचेकडे पाठ

त्यांच्या दारावरच्या बेलला लाल टॅग बांधलेला होता. कारखान्यात नापास मालाला बांधतात तसा, जाड पुठ्ठ्याचा, वर तारेचा फास. त्यावर बॉलपेननं लिहिलं होतं: 'बंद. दार वाजवा.' मी खोली बघायला गेले त्या दिवशी टॅग वाचायच्या आधीच बटण दाबलं आणि आत चिमणीसारखा बारीक, स्वच्छ आवाज झाला. काकूंनी दार उघडलं. त्यांच्या मागे ते उभे होते, उंच, किंचित पुढे झुकलेले. त्यांचं माझ्याशी बोललेलं पहिलं वाक्य असं होतं: "ती बेल बंद आहे. टॅग वाचला नाही?"

"वाजली ना," मी म्हणाले.

काकूंनी त्यांच्याआडून माझ्याकडे पाहत मान हलवली. बोलू नकोस, असा त्याचा अर्थ होता. पहिल्या भेटीत गप्प बसणं मला कामामुळे जमतं. मी गप्प बसले आणि मला वरची खोली मिळाली.

घर गुरुग्रामच्या जुन्या भागात होतं, टॉवर सुरू होण्याच्या अलीकडे. खाली ते दोघं, वर मी. दोघंही मूळचे नागपूरचे. काकू सरकारी शाळेत गणित शिकवून निवृत्त झालेल्या. काका मानेसरच्या एका गिअरबॉक्स बनवणाऱ्या कारखान्यातून निवृत्त. मी एका वृत्तसंस्थेत मराठी आणि हिंदी ध्वनिमुद्रणं ऐकून त्यांच्या बातम्या करत असे. दिवसाचे आठ तास हेडफोन कानावर. मी त्यांना काका म्हणायचे. ते मला तोंडावरही 'पत्रकार' म्हणायचे. "पत्रकार, चहा घेणार की बातमी?" हा त्यांचा रोजचा विनोद होता आणि ते तो रोज पहिल्यांदा सुचल्यासारखा करायचे.

कारखान्यात ते ऐकायचं काम करत. तयार झालेला प्रत्येक गिअरबॉक्स एका बंद, जाड भिंतींच्या खोलीत येई, मोटरला जोडून फिरवला जाई, आणि ते खुर्चीत बसून अर्धा मिनिट ऐकत. दाते नीट जुळले नसतील तर शीळ येते. बेअरिंगमध्ये खोट असेल तर घरघर. आत कचरा राहिला असेल तर टकटक. पास असेल तर हिरवा टॅग, नापास असेल तर लाल, शंका असेल तर पिवळा. त्या खोलीत बसायच्या आधी बरीच वर्षं ते बाहेर, दाते कापणाऱ्या मशीनवर उभे होते. कानात बोळे कधी घातले नाहीत. "कान झाकून मशीनची तब्येत कशी कळणार?" असं ते सांगत. हे सांगताना त्यांच्या आवाजात तेव्हा पश्चात्ताप नसे.

निवृत्तीच्या दिवशी त्यांनी उरलेल्या टॅगचे तीन गठ्ठे घरी आणले. मी राहायला गेले तेव्हा घरातल्या निम्म्या वस्तू टॅगखाली होत्या. फ्रिज हिरवा. कुकर हिरवा. कपाटाचं दार पिवळं, 'तेल देऊन पुन्हा ऐकणे'. शेजाऱ्यांच्या पाण्याच्या पंपाला त्यांनी भिंतीवरून हात घालून लाल टॅग बांधला होता आणि त्यावरून दोन घरांचं बोलणं महिनाभर बंद होतं. महिन्यानं पंपाचं बेअरिंग गेलं. शेजारी स्वतः मिठाई घेऊन आले. काकूंनी एकदा काकांच्या बाहेरच्या चपलेला लाल टॅग बांधला होता: 'स्वयंपाकघरात प्रवेश नाही.' तो त्यांनी आठवडाभर काढला नाही. शिस्त म्हणजे शिस्त, असं म्हणत चपलेसह मिरवला.

"आवाज तीन प्रकारचे," ते सांगत. "एक बिघाड सांगणारा. एक बिघाड करणारा. आणि एक नुसता. लोक तिसऱ्याला पहिला समजतात आणि गाडी खोलून ठेवतात."

त्यांच्या घरात जानेवारीतही टेबलफॅन चालू असे, तोंड भिंतीकडे. गुरुग्रामचा जानेवारी म्हणजे लोक दोन स्वेटर घालून रजईत बसतात. पलीकडे रेडिओ कोणत्याच स्टेशनवर न लावता नुसता खरखरत ठेवलेला. मी आधी हा सगळा विक्षिप्तपणा मानला. त्याचं कारण मला दीड वर्षानं कळलं, कारण तोवर माझ्यावर तशी वेळ आली नव्हती.

कामाचा एक लांब आठवडा संपला होता. रविवारी सकाळी मी खाली चहाला गेले आणि विचारलं, "काका, तुमचा टीव्ही चालू आहे का?"

"नाही."

"बारीक शिट्टी वाजतेय कुठेतरी. कालपासून."

त्यांनी वर्तमानपत्र घडी करून बाजूला ठेवलं आणि प्रश्न विचारायला सुरुवात केली. मी आजवर घेतलेल्या मुलाखतींपैकी फारच थोड्या इतक्या नेमक्या होत्या. एका कानात की दोन्हीत? दोन्हीत. ऐकू एकदम कमी झालंय का? नाही. नाडीच्या ठोक्याबरोबर धडधडतंय का? नाही. चक्कर? नाही. त्यांनी श्वास सोडला.

"एका कानात असती आणि ऐकू यायचं एकदम कमी झालं असतं, तर आत्ता चप्पल घालून निघालो असतो. त्यात दिवस मोजून असतात. ही तशी दिसत नाही. पण या आठवड्यात डॉक्टरकडे जायचं. माझं ऐकून घरी बसायचं नाही. कळलं?"

"हे काय आहे पण?"

"टिनिटस. मराठीत कर्णनाद म्हणतात. नाव चांगलं आहे, वस्तू फालतू." मग सहज, दुधाचा भाव सांगावा तसं, ते म्हणाले, "माझ्याकडे बावीस वर्षं आहे."

दिल्लीच्या करोल बागेतल्या एका दवाखान्यात माझी तपासणी झाली. कानात मळ नव्हता, पडदा ठीक, ऐकण्याचा आलेख जवळजवळ ठीक. वरच्या पट्टीत थोडी घसरण. हेडफोनचा आवाज कमी ठेवा, तासाला दहा मिनिटं कानांना मोकळं सोडा, असं डॉक्टरांनी सांगितलं. आणि हेही की कानाकडून येणारा आवाज कमी झाला की मेंदू आपलं आवाजाचं बटण वाढवतो, त्यातून ही शिट्टी जन्मते. मी परत येऊन हे काकांना सांगितलं. ते म्हणाले, "बरोबर. माल यायचा थांबला की मशीन रिकामं फिरतं. रिकामं मशीन जास्त आवाज करतं. मोडलेलं नसतं ते."

पुढचे तीन महिने त्यांनी मला शिकवलं. पूर्ण शांततेत बसायचं नाही. पंखा, रेडिओ, नळ, काहीतरी हळू चालू ठेवायचं, पण शिट्टी बुडेल इतकं मोठं नाही. बुडवली तर सवय होत नाही. कान देऊन तपासायचं नाही. सकाळी उठल्याबरोबर 'आहे का' म्हणून बघायचं नाही. "ती असणारच आहे. हजेरी कशाला घेता?"

मी कामाच्या सवयीनं वही केली होती: तारीख, वेळ, आवाज किती, एक ते दहा. ती त्यांनी पाहिली आणि माझ्या हातातून पेन काढून घेतलं.

"हे लिहायचं नाही. लिहायचंच असेल तर ती कधी आठवली नाही ते लिहा."

"आठवली नाही, हे मला कसं कळणार?"

"बिल्कुल. मग लिहूच नका."

शेजारच्या आंटी लसूण कढवलेलं मोहरीचं तेल घेऊन आल्या, कानात घालायला. काकांनी वाटी दोन्ही हातांनी घेतली, आभार मानले आणि ती काकूंना दिली. "भाजीला घाल. कानात काही तळायचं नाहीये."

स्वतः ते दर रविवारी विहारात ध्यानाला जात. तिथली शांतता त्यांना पहिल्यांदा सोसवली नव्हती; डोळे मिटले की डोक्यात मानेसरची आख्खी पाळी सुरू होई. त्यांनी जागा बदलली आणि पाण्याच्या कूलरला टेकून बसू लागले. बाकीचे लोक श्वासावर लक्ष ठेवत, हे कूलरच्या कॉम्प्रेसरवर. तिथल्या भंतेजींनी काही दिवस पाहिलं आणि विचारलं, तेव्हा यांनी खरं सांगितलं. भंतेजी म्हणाले, आवाज आला तर आला म्हणा, गेला तर गेला म्हणा. काकांनी विचारलं, आणि गेलाच नाही तर? भंतेजी म्हणाले, मग तुम्ही जा. हा संवाद काका फार आवडीनं सांगत.

त्यांचं सगळं बरोबर निघालं. माझी शिट्टी गेली नाही, पण तिचा मान गेला. दिवसच्या दिवस ती माझ्या ध्यानात नसते. त्यामुळे या विषयात मी त्यांच्यावर पूर्ण विश्वास ठेवत होते. फक्त एका विधानावर नाही. "शिट्टी आहे," ते म्हणायचे, "पण ऐकायला मला शंभर टक्के येतं."

माझ्या नोंदी वेगळं सांगत होत्या. बेल व्यवस्थित वाजत होती. फोन ते नेहमी स्पीकरवर टाकून काकूंसमोर धरत. बोलताना ते समोरच्याच्या डोळ्यांकडे पाहत नसत, ओठांकडे पाहत. पुण्याची नात फोनवर विचारायची, "आजोबा, कधी येणार?" आणि हे म्हणायचे, "हो हो, मस्त!" काकू स्वयंपाकघरातून म्हणत, "साऱ्या मानेसरला ऐकायला शिकवलं. घरात तिसऱ्या हाकेला ओ देतात."

"तू तोंडातल्या तोंडात बोलतेस."

"छत्तीस वर्षं वर्गात बोलले मी. शेवटच्या बाकाला ऐकू जायचं."

हा वाद ते एका फायलीनं संपवत. कारखान्यात दरवर्षी कानांची तपासणी होई आणि त्यांचे सगळे आलेख त्यांनी जपून ठेवले होते. त्यांनी ती फाइल मलाही दाखवली. दरवर्षीची रेघ वरच्या बाजूला सरळ, एकीवर एक ठेवली तर जुळेल इतकी सारखी. निवृत्तीच्या वर्षाची रेघ विशीतल्या मुलाला शोभणारी होती. एवढी सारखी आकडेवारी मी तोवर फक्त बनावट कागदांत पाहिली होती. मी तसं बोलले नाही. फाइल परत दिली.

खुलासा सतबीरनं केला. तो त्यांचा शागीर्द, मानेसरजवळच्याच गावचा, चाळिशीचा, आणि आता काकांच्या जागेवर, त्या ऐकायच्या खोलीत बसणारा. महिन्यातून एकदा तो घरच्या ताकाचा डबा घेऊन येई. त्या रविवारी त्याचं ताक काकूंनी ओतून घेतलं, तरी तो उठेना. शेवटी म्हणाला, "उस्ताद, मेरे भी बजने लगी है. दोनों में. चार महीने से."

काकांनी मला विचारले होते तेच प्रश्न त्याला विचारले. उत्तरं माझ्यासारखीच होती. मग त्यांनी आपले सगळे नियम सांगितले. सतबीर ऐकत होता, पण तो त्यासाठी आला नव्हता.

"वो सब ठीक है उस्ताद. दस दिन में टेस्ट वाली गाड़ी आ रही है. वो शीशे वाली बात एक बार फिर से बता दो. इतने साल हो गए, भूल न जाऊँ."

"कोणती काचेची गोष्ट?" मी विचारलं.

काकू हसल्या नाहीत. काका थोडं हसले, आणि सांगू लागले. आधी जुनी खोडी सांगावी तसे, मग हळूहळू आवाज उतरत.

तपासणीची गाडी कारखान्याच्या आवारात येऊन उभी राही. आत एक छोटी केबिन, तिला काचेची खिडकी, खिडकीपलीकडे तंत्रज्ञ. कामगाराच्या कानावर हेडफोन, हातात बटण. आवाज ऐकू आला की दाबायचं. गाडी अरुंद असल्यानं खुर्ची काचेसमोरच होती. तिसऱ्या की चौथ्या वर्षी काकांच्या लक्षात आलं की आवाज सोडण्याआधी तंत्रज्ञाचा उजवा खांदा किंचित खाली जातो. खांदा हलला की मनात 'एक' म्हणायचं आणि दाबायचं. आवाज ऐकू आला काय, न आला काय. नापास झाला की माणसाला दाते कापायच्या शॉपमधून, म्हणजे त्या विभागातून, पॅकिंगला पाठवत. तिथे खोके चिकटवायचे. कारागिराची इज्जत संपली. म्हणून काकांनी ही युक्ती आख्ख्या शॉपला शिकवली. चाळीसेक माणसं. जेवणाच्या सुट्टीत दोघं समोरासमोर बसून सराव करत. एकानं खांदा हलवायचा, दुसऱ्यानं अंगठा. त्या शॉपमधून वर्षानुवर्षं कोणी नापास झालं नाही. कारखान्याच्या कागदावर त्या शॉपमध्ये कान खराब करणारा आवाजच नव्हता. मग बोळे घालायला लावायची कटकट कोण करणार?

"आम्ही स्वतःच लिहून दिलं की आम्हाला काही होत नाही," काका म्हणाले. "सह्या आमच्या."

मग त्यांनी सतबीरला सांगितलं, "नहीं बताऊँगा. इस बार सीधे बैठ."

"सीधे बैठा तो कुर्सी गई. पैकिंग में जाऊँ?"

"तुझे सीटी और गिअर की सीटी में फ़र्क़ नहीं पता चला किसी दिन, तो? ख़राब माल सड़क पे जाएगा. किसी की गाड़ी में."

"आप सीधे बैठे थे कभी?"

"मेरे कान ठीक हैं."

सतबीरनं त्यांच्याकडे पाहिलं. मग तो उठला, दाराबाहेर गेला आणि दार ओढून घेतलं. तो रागावून निघाला असं मला वाटलं. काकांनाही वाटलं असावं. ते दाराकडे पाहत बसले.

बेल वाजली.

काकू आणि मी एकमेकींकडे पाहिलं. काका दाराकडेच पाहत होते. बेल पुन्हा वाजली. काकांचा चेहरा तसाच होता, किंचित दुखावलेला, वाट पाहणारा. तिसऱ्यांदा वाजली तेव्हा काकूंनी पदराचं टोक मुठीत धरलं होतं. मग दार उघडलं आणि सतबीर उंबऱ्यावर उभा राहून म्हणाला, "कितनी बार बजाई, उस्ताद?"

"वो ख़राब है. टॅग नहीं देखा?"

काकांनी माझ्याकडे पाहिलं. मी खाली पाहिलं. मग त्यांनी काकूंकडे पाहिलं.

"तीनदा," काकू म्हणाल्या.

काका त्यांच्याकडे वळले.

"तुला माहीत होतं?"

"अहो, रोज वाजते ती."

"मग सांगितलं का नाही?"

"काय सांगणार?" काकू म्हणाल्या. "कानावर आयुष्य काढलेल्या माणसाला कान गेले म्हणून कसं सांगतात ते मला माहीत नव्हतं. मी येणाऱ्यांना दार वाजवायला सांगत गेले."

काका आपल्या उजव्या अंगठ्याकडे पाहत होते. मी एक प्रश्न विचारला. तो विचारायची ती वेळ नव्हती, पण मला तो टाळता आला नाही: शेवटची वर्षं त्यांनी गिअरबॉक्स पास कसे केले?

"हात," ते म्हणाले. "तळवा ठेवायचो वर. कंप कळतो."

"हमें लगा वो आपका स्टाइल है," सतबीर म्हणाला. "मैंने भी वही पकड़ लिया."

"एकही परत आला नाही," काका म्हणाले. मग अचूक बोलायच्या सवयीनं त्यांनी ते वाक्य दुरुस्त केलं. "माझ्यापर्यंत तरी आला नाही."

सतबीर पुन्हा खाली बसला. त्याचा आवाज आता हळू होता. "आप पहले बैठो, उस्ताद. सीधे. फिर मुझे कहना."

चार दिवसांनी, कामाच्या दिवशी, आम्ही चौघं मेट्रोनं करोल बागेत गेलो. सतबीरनं सुट्टी टाकली होती. काकांनी इस्त्रीचा शर्ट घातला होता आणि फाइल बरोबर घेतली होती. मेट्रोत ते ती मांडीवर धरून बसले. बाजारातल्या गर्दीत, मोटारीच्या सुट्या भागांच्या दुकानांसमोरून जाताना फक्त एकदा थांबले, एका दुकानदारानं फिरवून दाखवलेलं बेअरिंग हातात घेतलं, तळव्यावर धरलं आणि परत दिलं. "चांगलं आहे," असं त्याला न मागता सांगितलं.

तपासणी करणारी मुलगी तिशीच्या आतली होती. केबिनमधली खुर्ची काचेला तिरकी होती. म्हणजे तिथे खांदा सहज दिसत नसे, पण मान थोडी वळवली तर दिसत असे. काका आत जाऊन बसले, आणि लगेच उठून दारात आले.

"बेटा, कुर्सी पूरी घुमा दो. दीवार की तरफ़."

"ऐसे भी ठीक है अंकल, बस इधर मत देखिएगा."

"मैं देखूँगा," काका म्हणाले. "चाहूँ न चाहूँ. चालीस लोगों को यही सिखाया है. घुमा दो."

तिनं खुर्ची फिरवली. त्यांची काचेकडे पाठ झाली. कर्णनाद असणाऱ्याला सलग आवाज दिला तर तो आतला की बाहेरचा हे कळत नाही, म्हणून मी तुटक आवाज देईन, बीप-बीप-बीप; तसा ऐकू आला तरच दाबा, असं तिनं समजावलं. त्यांनी मान हलवली. दार बंद झालं.

आम्ही तिघं तिच्या मागे उभे होतो. आम्हाला आवाज ऐकू येत नव्हते; दिसत होतं ते तिचं बोट आणि काकांनी बटण दाबलं की लागणारा छोटा दिवा. खालच्या पट्टीत बोट हललं, दिवा लागला. बोट, दिवा. बोट, दिवा. काकूंचे खांदे सैल झाले. मग ती वरच्या पट्टीत गेली. बोट हललं. दिवा लागला नाही. तिनं आवाज वाढवला. नाही. आणखी वाढवला. काकांची पाठ ताठ होती, मान पुढे, गिअरबॉक्ससमोर बसत असतील तशी. माणूस सगळं बळ एकवटून ऐकत होता आणि त्याच्याकडे काही येत नव्हतं.

"अब," सतबीर पुटपुटला. त्याची नजर तिच्या खांद्यावर होती. "अब दबाओ. अब. उस्ताद, अब."

काकूंनी त्याच्या हातावर हात ठेवला. त्याचा अंगठा हलत होता.

मधे एकदा तिनं काहीच सोडलं नसताना दिवा लागला. मग लगेच काकांनी हात वर केला आणि आतून मोठ्यानं सांगितलं, "वो ग़लत दबाया. वो मेरी अपनी थी. काट दो."

तिनं ते खोडलं.

आलेख डावीकडे, खालच्या पट्टीत, बरा होता आणि उजवीकडे, वरच्या पट्टीत, उतरत पानाच्या तळाशी गेला होता. तिनं तो समोर ठेवून सांगितलं: पक्ष्यांचे आवाज, बारीक बेल, लहान मुलांचं आणि बायकांचं बोलणं, 'स' आणि 'च' सारखी अक्षरं, हे सगळं इथे आहे, आणि इथलं तुम्हाला येत नाही. श्रवणयंत्र लावलं तर बरंच परत मिळेल. सगळ्यांचं होतं असं नाही, पण बाहेरचं ऐकू यायला लागलं की आतली शिट्टीही बऱ्याच जणांची मागे सरते. काका प्रत्येक वाक्याला मान हलवत होते, तिच्या ओठांकडे पाहत.

"पहले कभी टेस्ट हुआ है?"

त्यांनी फाइल दिली. तिनं पानं उलटली, थांबली, पुन्हा पहिल्यापासून उलटली.

"अंकल, ये रिपोर्ट किसकी हैं?"

"मेरी आँखों की," काका म्हणाले.

परतीच्या वाटेवर सतबीर मेट्रोच्या दाराशी उभा होता, आमच्यापासून दूर. काकांनी त्याला काही सांगितलं नाही. उपदेशाची त्यांना एरवी कमी नव्हती, पण त्या दिवशी त्यांनी एकही वाक्य खर्च केलं नाही. आपल्या स्टेशनला उतरताना सतबीर वाकून त्यांच्या पाया पडला आणि जाऊ लागला. टेस्टचं काय, हे त्यानं सांगितलं नाही आणि काकांनी विचारलं नाही.

श्रवणयंत्रं आठवड्याभरात मिळाली. पहिल्या दिवशी काका घरभर फिरले आणि निम्मे टॅग बदलले. फ्रिजचा हिरवा काढून पिवळा केला. वर्तमानपत्राची घडी इतकी कर्कश असते, याची त्यांनी काकूंकडे तक्रार केली. मग स्वतः बाहेर जाऊन बेलचं बटण दाबलं, आणि आत येऊन म्हणाले, "ही? एवढा फालतू आवाज? ही ऐकू आली असती तरी मी नापास केली असती." नातीशी ते एकटे, खिडकीत उभे राहून बोलले. काकू स्वयंपाकघरात नळ बंद करून ऐकत होत्या. फोन झाल्यावर त्यांनी इतकंच सांगितलं, "तिचा 'स' अजून बोबडा आहे. मला कोणी सांगितलं नाही."

शिट्टीबद्दल मी विचारलं. आहे, म्हणाले. पण आता खोलीत बाकीचे लोक आहेत.

दहावा दिवस बुधवारी आला; मी सुट्टी टाकली होती. काका सकाळपासून काही वाचत नव्हते. फोन जवळ ठेवला होता. दुपारी जेवणं झाल्यावर तो वाजला आणि त्यांनी जुन्या सवयीनं स्पीकरवर टाकला, म्हणून पुढचं सगळं आम्ही ऐकलं. मागे मशीनची घरघर होती, आणि सतबीर आवाज चढवून बोलत होता.

"उस्ताद, हो गया."

"कुर्सी घुमाई?"

"गाड़ी में कुर्सी घूमती नहीं. नीचे बोल्ट लगे हैं. शीशे के सामने ही है, वैसी की वैसी."

काकूंनी भांडं खाली ठेवलं.

"तो मैंने आँखें बंद कर लीं," सतबीर म्हणाला.

"पूरे टाइम?"

"पूरे टाइम. एक बार खोलने का मन हुआ. नहीं खोली."

"क्या बोला वो?"

"बोला कुछ नहीं. पेन चलती रही उसकी. कुर्सी गई समझो. मेरे बाद जो छह लड़के थे, वो भी बंद करके बैठे. मैंने कहा नहीं था. लाइन में देख रहे थे." तो थांबला. "मैनेजर ऊपर-नीचे हो रहा है."

काकांनी फोन दोन्ही हातांत धरला होता, गिअरबॉक्सवर तळवा ठेवावा तसा नाही, तर पाणी भरलेलं भांडं धरावं तसा.

"बटन कितनी बार दबाया?" त्यांनी विचारलं.

"जितनी बार सुनाई दी, उस्ताद. उतनी बार."